पेठ, पलटण आणि फुटबॉल

लखनौच्या चौकात हिवाळ्यात मक्खन मलाई खायची असेल तर सकाळी लवकर जावं लागतं. रात्रभर उघड्यावर, दवात ठेवलेलं दूध पहाटे घुसळून काढलेला तो केशरी फेस. ऊन चढलं की बसतो. छावणीतून चौक तसा लांब पडतो, पण रविवारी पीटी नसते आणि रस्तेही मोकळे असतात. तेव्हा महिन्यातून एकदोनदा मी गोल दरवाज्यापाशी जाऊन उभा राहतो. बायको म्हणते, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हे शोभत नाही. असो.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. गाड्यापाशी दोन पोरं वाद घालत होती. एकाच्या अंगात मँचेस्टर युनायटेडचा लाल जर्सी, दुसऱ्याच्या खांद्यावर चिकनच्या कापडाचं गाठोडं. विषय होता युनायटेडचा नवा मॅनेजर.

"अमोरिम साहब को थोड़ा वक़्त तो दीजिए," लाल जर्सीवाला म्हणाला.

"वक़्त तो बहुत है जनाब, पॉइंट नहीं हैं," गाठोडेवाला म्हणाला.

मला हसू आवरेना. आमच्या कोल्हापुरात हाच वाद झाला असता तर पहिल्या वाक्यात शिवी, दुसऱ्यात आई-बहीण आणि तिसऱ्यात कॉलर. इथं मॅनेजरला हाकलायचं तेही 'साहब' म्हणून. मी हसलो म्हटल्यावर त्यांनी मलाही ओढलं. "आप किसे सपोर्ट करते हैं?" मी माझ्या तालमीचं नाव सांगितलं. पोरानं प्रामाणिकपणे विचारलं, "ये कौन सी लीग में है, सर?"

त्या प्रश्नाचं उत्तर तिथं उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख. तालीम कुठली ते मात्र इथंही लिहिणार नाही. लिहिलं तर निम्मे कोल्हापूरकर वाचक याच ओळीवर थांबतील.

पलटणींचा खेळ

फुटबॉल आपल्याकडे आणला पलटणींनी. १८८८ साली सिमल्यात ड्युरँड चषक सुरू झाला तो मुळात लष्करी संघांसाठी. पहिल्या वर्षी रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सनी हायलँड लाईट इन्फंट्रीला २-१ हरवलं. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. तिथंही सुरुवातीची कित्येक वर्षं गोऱ्या पलटणीच चषक नेत होत्या. छावणीच्या मैदानावर साहेब खेळायचे आणि कडेला उभी राहून आपली माणसं बघायची. प्रेक्षक म्हणून आपण या खेळात शिरलो, खेळाडू म्हणून नंतर.

मग २९ जुलै १९११ उजाडला. कलकत्त्यात आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं. अकरापैकी दहा जण अनवाणी होते. कर्णधार शिबदास भादुडी यांनी बरोबरी साधून दिली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल मारला. गर्दी इतकी की मागच्यांना मैदान दिसत नव्हतं. म्हणून गोल झाला की पतंग उडवून धावसंख्या कळवत होते.

हे पतंगाचं वाचलं तेव्हा मला चौक आठवला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इथं 'जमघट' असतो, आकाश पतंगांनी भरून जातं. १८५६ साली अवधचं राज्य खालसा करून इंग्रजांनी वाजिद अली शाहला गादीवरून उतरवलं. तो कलकत्त्याच्या मटियाबुर्जला जाऊन राहिला तेव्हा आपल्यासोबत लखनौचे खानसामे, गवई, कबुतरबाज आणि पतंगबाजही घेऊन गेला. १८८७ मध्ये तो तिथंच वारला आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्याच शहरात मोहन बागानची स्थापना झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचा माझा हेतू नाही. पण गल्लीतल्या माणसानं एखाद्या बाजीपायी जीव टाकणं, त्यात आपली आणि मोहल्ल्याची अब्रू बघणं ही सवय लखनौला फुटबॉलच्या कितीतरी आधीपासून होती, एवढं नक्की. कबुतरांचे आणि बटेरांचे उस्ताद असत, त्यांचे पोशिंदे नवाब असत आणि हरल्यावर तोंड लपवणारे चाहतेही असत.

तालमीचा संघ

कोल्हापूरला ही सवय कुस्तीनं लावली. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं केलं. पेठापेठांत तालमी होत्याच. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गणपती तिथं बसतो, भांडणं तिथं मिटतात, लग्नाची मदत तिथून होते आणि मयतीला खांदा द्यायला माणसं तिथूनच येतात. फुटबॉल आला तो याच तालमींच्या अंगणात. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली, म्हणजे आपली केएसए. तेव्हापासून आजपर्यंत संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी. यात एकही नाव कंपनीचं नाही. मालक नाही, फ्रँचायझी नाही. संघ गल्लीचा.

बाहेरच्यांना हे पटत नाही, पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी यांची मॅच असली की मंगळवार पेठेतली आणि शिवाजी पेठेतली दुकानं दुपारनंतर अर्धी बंद असतात. वर्ल्ड कप आला की त्याच पेठा ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात. चौकाचौकांत मोठाले फ्लेक्स लागतात. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिना जिंकली तेव्हा मी सीमेवर होतो. भावानं व्हिडिओ पाठवला. फटाके ऐकून आमच्या पोस्टवरच्या जवानानं विचारलं, "साहेब, तिकडं दिवाळी हाय का?"

पेठेतल्या माणसाला आपला संघ निवडावा लागत नाही. तो जन्मानं मिळतो. हे मला पुढं खडकवासल्याला पुन्हा भेटलं. एनडीएत पहिल्याच दिवशी स्क्वाड्रन मिळते. का मिळाली याला उत्तर नाही आणि तीन वर्षं ती बदलत नाही. इंटर-स्क्वाड्रन क्रॉस कंट्रीच्या दिवशी मात्र त्या नशिबानं मिळालेल्या रंगासाठी माणूस फुप्फुसं फाटेस्तोवर धावतो, आणि कडेला उभा असेल तर घसा फाटेस्तोवर ओरडतो. पुढे पलटणीतही तेच. त्यामुळं 'तुम्ही या संघाला सपोर्ट का करता?' या प्रश्नाचा मला नेहमीच अचंबा वाटतो. आईला कुणी विचारतं का, याच पोरावर जीव का?

मॅनेजरची खुर्ची

आता मॅनेजरबद्दल. युनायटेडच्या त्या चाहत्याला मी एवढंच म्हणालो की तुमच्या फर्ग्युसन साहेबांनाही लोकांनी घरी पाठवायला सांगितलं होतं. १९८६ ला आलेल्या फर्ग्युसनविरुद्ध १९८९ च्या शेवटी त्यांच्याच मैदानात फलक लागला होता. पुढच्या वर्षी त्यांनी एफए चषक जिंकला आणि २०१३ पर्यंत ते खुर्चीवर होते. त्यानंतर बारा वर्षं व्हायच्या आत सहावा कायमचा मॅनेजर आला. क्लबनं पैसा भरपूर ओतला, वेळ मात्र दिला नाही.

आपल्याकडे याहून मोठं उदाहरण आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक जिंकला. म्हणजे मुंबईकरांनी आपल्या कूपरेजवर पाच वर्षं हैदराबादच्या पोलिसांना चषक नेताना पाहिलं. भारतीय संघ त्यांच्या हाताखाली १९५१ आणि १९६२ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकला आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला.

१९६२ चा जकार्ता एशियाड लष्करी माणसानं मुद्दाम अभ्यासावा असा आहे. स्टेडियमभर विरोधी प्रेक्षक. जर्नैलसिंग हा संघाचा बचावाचा खांब, पण त्याच्या डोक्याला टाके पडलेले. हेडर घ्यायचा, टक्कर द्यायची तर बचावात धोका. रहीमसाहेबांनी त्याला बाहेर बसवलं नाही. पुढे आक्रमणात खेळवलं. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध भारत २-१ जिंकला, त्यातला एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा या जर्नैलचा. रहीमसाहेबांना स्वतःला तेव्हा कॅन्सर होता. पुढच्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

हाताशी जी माणसं आहेत, ज्या अवस्थेत आहेत, त्यांच्यातून काम काढणं हे कमांडरचं काम. आमच्याकडे सीओ दोन-अडीच वर्षांनी बदलतो. नवा येतो, जुना जातो. सुभेदार मेजर साहेब मनात काय म्हणत असतील ते असो, पण नव्या सीओविरुद्ध कुणी फलक लावत नाही. शिस्त म्हणून नाही, हे मी अनुभवानं सांगतो. पलटणीला माहीत असतं की साहेब येतील आणि जातील, पलटण राहणार आहे. ज्या संघाला आपण टिकणार याची खात्री नसते तोच दर सहा महिन्यांनी मॅनेजर बदलतो.

कोल्हापुरात तर कित्येक वर्षं मॅनेजर असा नव्हताच. तालमीतला एखादा जुना खेळाडू, सकाळी दूध घालून झाल्यावर मैदानावर यायचा आणि शिट्टी वाजवायचा. पगार नाही, करार नाही. हरलं की सगळी पेठ त्याला शिकवायची, जिंकलं की त्याच्याकडे बघायचंही कुणी नाही. आता प्रशिक्षक रीतसर नेमतात, ते चांगलंच झालं. पण ती जुनी माणसं गेली तशी त्यांची नावंही कुठं लिहून ठेवलेली नाहीत.

दलबदल

बंगालीत खेळाडूच्या बदलीला 'दलबदल' म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द राजकारणातला वाटेल, आणि कलकत्त्यातला प्रकार राजकारणापेक्षा वेगळा नव्हताच. नोंदणीचे दिवस आले की क्लबचे लोक खेळाडूंना लपवून ठेवत, दुसऱ्या क्लबचे लोक पळवून नेत.

श्याम थापा यांची कारकीर्द बघा. डेहराडूनचा हा गोरखा ब्रिगेडकडून खेळला, मुंबईत मफतलालकडून खेळला. १९७५ च्या आयएफए शील्ड अंतिम सामन्यात ईस्ट बंगालनं मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडवला, त्यातले दोन गोल थापांचे. दोनच वर्षांत ते मोहन बागानमध्ये, आणि १९७८ मध्ये ईस्ट बंगालविरुद्धच त्यांनी मारलेली बायसिकल किक लोक अजून सांगतात. ५-० वेळी ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी होते. तेही पुढच्या वर्षी मोहन बागानला गेले. ज्यांनी जखम केली त्यांनाच बागाननं मलम लावायला बोलावलं आणि समर्थकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

आज लखनौत याच धर्तीचा वाद क्रिकेटवर ऐकू येतो. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतला लखनौ सुपर जायंट्सनी २७ कोटींना घेतलं. चौकातल्या पानाच्या ठेल्यावर त्या रकमेचा हिशेब अजून चालू आहे. पण लिलावात आणि फुटबॉलच्या बदलीत एक फरक आहे. लिलावात खेळाडू कुठल्या शहराचा होणार हे हातोडा ठरवतो. फुटबॉलमध्ये खेळाडूची सही लागते. ही सही सहज मिळालेली नाही. युरोपात करार संपल्यावरही जुना क्लब खेळाडूला अडवून पैसे मागू शकत असे. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान या साध्या खेळाडूनं कोर्टात दावा लावला आणि १५ डिसेंबर १९९५ ला निकाल त्याच्या बाजूनं लागला. करार संपला की खेळाडू मोकळा. या लढाईत त्याची स्वतःची कारकीर्द मात्र संपली.

त्याच हिवाळ्यात, आमच्या पेठेत, मला बोस्मानचं नावही माहीत नसताना एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय हा लेख मी संपवू शकत नाही.

आमच्या गल्लीत एक विंगर होता, डावखुरा. त्याचं नाव लिहीत नाही. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून सरावाला न्यायचा. माझं काम एकच, त्याचे बूट सांभाळायचे. त्या वर्षीच्या नोंदणीत त्यानं दुसऱ्या तालमीकडे सही केली. कुणीतरी तिथं त्याला नोकरी लावून देतो म्हणालं होतं. वडील अंथरुणाला, दोन बहिणी लग्नाच्या. हे सगळं गल्लीला माहीत होतं. तरी गल्लीनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

आमच्याविरुद्धच्या मॅचला मी गॅलरीत होतो. वय चौदा. तो आमच्या बाजूच्या कॉर्नरला चेंडू ठेवायला आला तेव्हा शिव्यांचा पाऊस पडला. माझ्या हातात एक दगड होता. तो कधी उचलला ते आठवत नाही. फेकलेला आठवतो. त्याच्या खांद्याला लागला. त्यानं वर पाहिलं. गॅलरीत शंभर पोरं होती, पण त्यानं मला ओळखलं. मग त्यानं कॉर्नर मारला.

घरी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं नेहमीसारखं मला हाक मारून दळणाचा डबा गिरणीत टाकायला दिला. तिला माहीत होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. पुढे मी एनडीएला गेलो, पोस्टिंगा सुरू झाल्या. सुट्टीवर आलो की त्याच्या दारावरून जाताना मान आपोआप खाली जायची. एवढी वर्षं रायफल वापरली, पण हातून सुटलेला तो दगड सगळ्यात जड राहिला.

२०१९ च्या सुट्टीत धीर केला. तो रंकाळ्यावर फिरायला येतो हे कळलं होतं. केस पांढरे, गुडघे गेलेले. सरळ सांगितलं, "दादा, त्या मॅचला दगड मी मारला होता."

"म्हाईत हाय की," तो म्हणाला. थोडं चालून झाल्यावर थांबला. "तू बी नोकरीसाठनंच पेठ सोडलास न्हवं? तुला कुणी दगूड हाणला?"

मला उत्तर सुचलं नाही. पेठेनं मला एनडीएला जाताना हार घातला होता. स्टेशनवर तीस माणसं होती.

समर्थकाचा हक्क आणि समर्थकाची लाज

दगडाचा इतिहास फार जुना आणि फार वाईट आहे. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या लीग सामन्यात मैदानातली धक्काबुक्की गॅलरीत शिरली. चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक गेले. घरून मॅच बघायला निघालेली माणसं. कोल्हापुरातही हुल्लडबाजी, दगडफेक आणि लाठीमाराच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात, सामने थांबतात, संघांवर आणि समर्थकांवर कारवाई होते. दरवेळी आपण म्हणतो, ती चार टवाळ पोरं होती. मी त्या चार पोरांतला एक आहे. चांगल्या घरातला, अभ्यासात बरा. म्हणून सांगतो, ती चार पोरं वेगळी नसतात.

पण समर्थकाशिवाय संघ टिकत नाही, हेही तितकंच खरं. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. चांगले खेळाडू, चांगला पैसा. २०१० साली कंपनीनं संघ बंद केला. कूपरेजच्या आसपासच्या गल्ल्यांत कुणाच्या घरी चूल पेटायची राहिली नाही. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये विसर्जित झाला, फ्रँचायझी हैदराबादला गेली. बालेवाडीला नारंगी जर्सी घालून जाणारी पोरं होती, मनापासून जाणारी. त्यांना कुणी विचारलं नाही. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जो २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तो पुढे त्याच हैदराबाद एफसीच्या २०२२ च्या विजेत्या संघात होता. पुण्याहून गेलेली जागा, कोल्हापुरातून गेलेला पोरगा, आणि चषक हैदराबादचा. यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पोरगा पुढे गेला. पण पुण्यातल्या त्या नारंगी जर्सीचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

कलकत्त्यात मात्र समर्थक आपला हक्क सोडत नाही. २०२० मध्ये मोहन बागानचं एटीकेशी विलीनीकरण झालं आणि संघाच्या नावाआधी 'एटीके' लागलं. समर्थक तीन वर्षं ते नाव काढा म्हणून मागे लागले. फलक लावले, सभा घेतल्या. मार्च २०२३ मध्ये गोव्यात संघ आयएसएल जिंकला आणि त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी नाव बदलत असल्याचं जाहीर केलं: मोहन बागान सुपर जायंट. लखनौचा क्रिकेट संघ त्यांचाच. त्याच वर्षी २० मे रोजी ईडन गार्डन्सवर लखनौचा संघ मोहन बागानच्या हिरव्या-मरून रंगात उतरला. १८८९ च्या एका क्लबचा रंग लखनौच्या अंगावर चढला. मालकानं नाव लावलं, पण रंग कुणाचा हे मालकालाही कबूल करावं लागलं.

आणि मग २०२४ चा ऑगस्ट. आर. जी. कर रुग्णालयातल्या त्या भयंकर घटनेनंतर कलकत्ता पेटलेलं. १८ ऑगस्टची ड्युरँड चषकातली मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅच सुरक्षेच्या कारणानं रद्द झाली. तेव्हा दोन्ही क्लबांचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र जमले. ज्या रंगांसाठी शंभर वर्षं एकमेकांची डोकी फोडली ते दोन्ही झेंडे एका खांद्यावर घेऊन न्याय मागायला. त्यांच्यावर पोलिसांच्या लाठ्याही पडल्या. मी गणवेशातला माणूस आहे, आंदोलनाच्या राजकारणावर लिहिणार नाही. पण त्या खांद्यांचे फोटो मी बराच वेळ बघत बसलो.

योगायोग असा की पंधरा दिवसांनी, २ सप्टेंबरला, हेच दोन संघ लखनौत मुख्यमंत्री चषकासाठी भिडले, के. डी. सिंह बाबू स्टेडियमवर. मी नुकताच इथं रुजू झालो होतो. तिकडे धावलोच. संघांत बहुतेक तरुण पोरं होती. लखनौची जुनी बंगाली कुटुंबं आपापले झेंडे घेऊन आली होती, आणि बाकीचं लखनौ कुठल्या बाजूनं ओरडायचं हे विचारून घेत होतं. १-१ अशी बरोबरी, मग पेनल्टीवर ईस्ट बंगाल ३-२ नं जिंकलं. माझ्या शेजारी मोहन बागानचे एक म्हातारे गृहस्थ होते. शेवटची पेनल्टी झाल्यावर त्यांनी झेंडा नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि पलीकडच्या ईस्ट बंगालवाल्याला म्हणाले की आज इलिश तुझ्या घरी. त्यांच्यात रीतच आहे, ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश, बागान जिंकलं की कोळंबी. चाळीस-पन्नास वर्षांचे शेजारी असावेत. हरलेला माणूस जिंकलेल्याच्या घरी जेवायला निघाला होता.

चौकातला प्रश्न

तर त्या पोरानं विचारलं होतं, ही कुठली लीग. मी त्याला सांगितलं, आमच्या शहराची. तिथं संघाला मालक नसतो. खेळाडू गल्लीतले असतात, काही आता बाहेरगावचे असतात, आफ्रिकेतून आलेलेही असतात. आणि पेठेतल्या बायका त्या आफ्रिकन पोराला 'जेवलास का रे' असं मराठीतच विचारतात.

"और मैनेजर?" त्यानं विचारलं.

"पूरी पेठ मैनेजर है," मी म्हणालो. दोघं खूप हसले.

मग गाठोडेवाल्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि म्हणाला, आमच्या मोहल्ल्याचा संघ नाही. चौक स्टेडियमवर आम्ही खेळतो, पण संघ असा नाही. युनायटेड हरलं तर रात्रभर झोप येत नाही, आणि मँचेस्टर कुठं आहे ते नकाशात बघावं लागतं. हे तो हसत म्हणाला, पण मला ते लागलं. एवढी माया, आणि ती ठेवायला जवळपास जागा नाही.

मी त्यांना म्हटलं, अकरा पोरं जमवा, मोहल्ल्याचं नाव द्या, आमच्या ग्राउंडवर परवानगी काढून जवानांशी एक मॅच लावतो. फेब्रुवारीत ती झाली. पोरं ४-१ नं हरली. लाल जर्सीवाला गोलकीपर होता आणि चौथा गोल त्याच्याच चुकीनं झाला. काठावर चौकातले पंधरावीस जण आले होते. त्यांतला एक जण ओरडला, "गोलकीपर बदलिए साहब!"

संघ होऊन तासही झाला नव्हता. मला वाटलं, चला, सुरुवात तर झाली. मी त्या ओरडणाऱ्याकडे गेलो आणि त्याच्या शेजारी बसून राहिलो. त्याच्या हातात काही नाही ना, एवढं मात्र आधी बघून घेतलं.

जय हिंद.